तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

ऑर्विल क्वामीशी माझी ओळख खडूच्या धुळीमुळे झाली. नॉर्डाल या उत्तरेकडच्या छोट्या गावातल्या हायस्कुलात मी ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते आणि परत येणाऱ्या पुस्तकांपैकी काहींवर पांढरी बोटं उमटलेली दिसत. कुणाची म्हणून चौकशी केली की सगळे हसून एकाच वर्गाकडे हात दाखवत. शेवटी एक पुस्तक घेऊन मी त्या वर्गात गेले आणि म्हटलं, "क्वामी, हात धुवून पुस्तक उघडायला काय होतं तुम्हाला?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुरावा?"

मी पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ते पान खिडकीच्या उजेडात नेलं, ठशाशेजारी स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला आणि म्हणाला, "अंगठा माझाच. कबूल."

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला.

"पुरावा?" हा त्याचा लाडका शब्द. मुलांच्या निबंधांच्या समासात लाल पेन्सिलीने तो हाच शब्द लिहायचा. नायिका दुःखी आहे असं कुणी लिहिलं, की समासात "पुरावा?" बाप कठोर आहे असं लिहिलं, की पुन्हा "पुरावा?" मुलं त्याला पाठीमागे फौजदार म्हणत. दिसायला मात्र त्याच्यात फौजदाराचं काही नव्हतं. उंच, खांद्यात वाकलेला, बाहेर नाक गोठत असलं तरी अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि त्यावर मुलांनी कधीतरी थट्टेने भेट दिलेला मासा छापलेला टाय. ती थट्टा होती हे त्याला कळलं नव्हतं, की कळूनही तो टाय घालत होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. हिमवादळात शाळेची बस अडकली की शेतावरच्या पोरांना आपल्या गाडीतून घरोघर सोडून येणाराही हाच. असल्या माणसावर फार वेळ चिडता येत नाही. मी तरी प्रयत्न पुष्कळ केला.

तो दहावीला इंग्रजी शिकवायचा. त्याच्या वर्गात फळ्याच्या वर एक मोठा तक्ता होता, त्यावर कथेचे घटक लिहिलेले: स्थळकाळ, पात्रं, संघर्ष, उत्कर्षबिंदू, निवेदक, प्रतीक, उपरोध. कुठलीही गोष्ट आली की तो ती या तक्त्याखाली आणून उभी करायचा आणि एकेक घटक तिच्याकडून वसूल करायचा. त्याचा नियम एकच होता, आणि तो वर्गाच्या पहिल्या दिवशी सांगितला जायचा. "कागदावर आहे तेवढंच खरं. कागदावर नाही, ते आपण आपल्या पदरचं घालायचं नाही."

दर फेब्रुवारीत, थंडीने इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर गाड्यांना विजेची वायर जोडून ठेवावी लागते त्या दिवसांत, तो घंटेची गोष्ट शिकवायचा. आमच्या भागात शाळा शिकलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. आमच्या आयांनीही ती वाचली होती. गोष्ट लग्नाची आहे, आणि अगदी छोटी. एका रुंद नदीवर एक नावाडी असतो. दिवसभर माणसं इकडून तिकडे नेतो. संध्याकाळी त्याची बायको दारातली घंटा वाजवते, मग तो पलीकडच्या काठावरून शेवटची खेप करून जेवायला घरी येतो. एके दिवशी दोघांचं एका जुन्या कोटावरून भांडण होतं. सकाळी निघताना तो विचारतो, "संध्याकाळी घंटा वाजवशील ना?" ती म्हणते, "त्याची काही गरज नाही." संध्याकाळी ती दोर हातात धरून उभी राहते आणि घंटा वाजवत नाही. यायचं असेल तर येईल आपण होऊन, असं तिच्या मनात. पलीकडे त्याचा कंदील दिसत असतो. कंदील जागचा हलत नाही. मग धुकं येतं, कंदील दिसेनासा होतो, आणि शेवटच्या ओळीत टेबलावरचं जेवण गार झालेलं असतं. एवढंच.

"नदी?" क्वामी विचारायचा.

"अंतर!" वर्ग कंटाळून ओरडायचा.

"घंटा?"

"बोलणं!"

"निवेदक कुठे उभा आहे?"

"बायकोच्या बाजूला!"

"म्हणून?"

"म्हणून नावाड्याच्या मनात काय आहे ते कळत नाही!"

"कळत नाही," क्वामी समाधानाने म्हणायचा, "आणि जिथे कळत नाही तिथे आपण गप्प बसायचं."

दुसऱ्या दिवशी खटला असायचा. अर्धा वर्ग नावाड्याचा वकील, अर्धा बायकोचा, आणि न्यायाधीश मी. चर्चच्या गायनमंडळाचा काळा झगा मी घालून यायची आणि मांस ठेचायचा लाकडी हातोडा टेबलावर आपटायची. दोष कुणाचा, हा प्रश्न. दर वर्षी बायको हरायची. हरणारच, कारण दोर तिच्या हातात होता, असं कागदावरच लिहिलं होतं. तो तर विचारूनच गेला होता, आणि ती नाही म्हणाली होती. मी हातोडा आपटायची, नावाडी सुटायचा, आणि आम्ही सगळे खिदळत जेवायला जायचो.

आता मार्लिसबद्दल सांगायला हवं. मार्लिस त्याची बायको. घरी मुलांना पियानो शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये वाजवायची. बुटकी, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे पार मिटायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती वरच्या खोलीत मुलांकडून धडे वाजवून घ्यायची, आणि तो तळघरात दिव्याखाली बसून निबंधांवर "पुरावा?" लिहायचा. वरून चुकीचा सूर आला की तो खालून म्हणायचा, "काळी पट्टी!" आणि ती वरून म्हणायची, "तू तुझी गोष्ट बघ!" असं त्यांचं चाललेलं होतं, आणि ते वाईट चाललेलं नव्हतं.

एकदा चर्चच्या तळघरात कप विसळताना मार्लिसने मला त्याने लग्नाचं कसं विचारलं ते सांगितलं. नाचाच्या हॉलबाहेर, त्याच्या बापाच्या ट्रकमध्ये. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, छे, तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, छे, आई एकटी पडेल.

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा त्याने टोपी काढली," मार्लिस म्हणाली आणि तिचे डोळे मिटले. "मग म्हटलं, बरं, तुझा एवढा आग्रहच असेल तर."

आमच्याकडे हे असंच आहे. कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको, जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, तुम्ही करतच असाल तर अर्धा कप." मग तीन कप प्यायचे. ताटलीत शेवटचा गोड तुकडा उरला की कुणी तो उचलत नाही, अर्धा कापून घेतात, मग त्याचा अर्धा, मग त्याचाही अर्धा, शेवटी ताटलीत मुंगीपुरतं काहीतरी राहतं आणि सगळे उठतात. पहिली दोन उत्तरं समोरच्याला मोकळं सोडण्यासाठी असतात. तिसरं आपलं असतं. हे कुणी आम्हाला शिकवलेलं नाही आणि कुठे लिहूनही ठेवलेलं नाही.

तरुणपणी ऑर्विलला हे येत होतं. मग कधीतरी तो वाचायला शिकला. मला तर वाटतं, एवढी वर्षं मुलांना कागदावरचं तेवढंच घ्या म्हणून सांगता सांगता तो स्वतःच घरातही तसंच घ्यायला लागला. कुणी नको म्हटलं की नको. त्याला तो समोरच्याचा मान वाटायचा.

एका उन्हाळ्यात शिक्षकांच्या परिषदेसाठी त्याला सिएटलला जायचं होतं. मार्लिसने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिने जाऊन निळी सूटकेस विकत आणली आणि बाहेरच्या खोलीत, तो जाता-येता पाहील अशी ठेवली. ऑर्विल गॅरेजमध्ये गाडीचं तेल बदलत होता. गाडीखालूनच त्याने विचारलं, "येतेस का?"

"छे, तुझं काम, मी कशाला मध्ये?"

तो एकटा गेला. येताना तिच्यासाठी जहाज रंगवलेला एक कप घेऊन आला. पुढे कितीतरी दिवस तो हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत सांगायचा. "नवी कोरी बॅग आणते आणि म्हणते येत नाही. यात काही संगती दिसते का तुम्हाला?" पुरुष हसायचे. बायका एकमेकींकडे बघायच्या. बॅग कपाटात गेली आणि तिच्यावर बर्फातले बूट ठेवायला लागले.

ती बॅग पहिल्यांदा वापरली गेली ती डलुथला जायला. तिथे राहणाऱ्या मार्लिसच्या बहिणीच्या, आर्डिसच्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. थोडे दिवस राहून येते, म्हणून मार्लिस गेली. उन्हाळा संपत आला होता. मग झाडांची पानं गळाली, तळ्यावर बर्फ धरायला लागलं, तरी ती तिकडेच. चर्चमध्ये दुसरीच कुणीतरी वाजवायला बसली आणि सगळं गाणं तिने फार संथ करून टाकलं. गावात कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कुणी काही बोलत नाही, फक्त ऑर्विलच्या दाराशी जेवणाची झाकलेली भांडी ठेवून जातात. शाळेत डब्याच्या वेळी मी एकदा म्हटलं, "ती कधी येणार आहे?"

"म्हणाली, घाई नाही. तुझं चाललंय ना छान."

"आणि तुझं छान चाललंय?"

त्याने डब्यातल्या गार बटाट्यांकडे पाहिलं. "शेजारी फार चांगले आहेत."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी त्याला आमच्याकडे जेवायला बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावल्यावर आला. जेवणाआधी त्याने आमच्या भिंतीवरच्या फोनवरून डलुथला फोन लावला. मी पिठाच्या हाताने स्वयंपाकघरात उभी होते आणि कान तिकडे होता. आधी हवा, मग रस्ते, मग आर्डिसचा गुडघा. मग तो म्हणाला, "मी उद्या घ्यायला येऊ का?" थोडं थांबून, "म्हणजे खरंच येऊ शकतो मी." मी दारातून त्याला पिठाची तीन बोटं दाखवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाला, "बरं. मग ठीक आहे. सांभाळ." आणि फोन ठेवला.

"अरे काय माणूस आहेस!" मी म्हटलं. "दोनदाच?"

"दोनदा नाही म्हणाली ती."

"म्हणजे तिसऱ्यांदा विचारायचं!"

"लॉइस," तो शांतपणे म्हणाला, "ती मोठी बाई आहे. एकच गोष्ट तीनदा विचारणं म्हणजे तिच्या शब्दाला किंमत न देणं. मी काय तिला कॉफी देतोय?"

वाटलं, हातातलं पीठ याच्या टायवर फासावं. पण तेवढ्यात माझ्या नवऱ्याने टर्की आणून टेबलावर ठेवली.

त्या शालेय वर्षाअखेर तो निवृत्त होणार होता. म्हणजे फेब्रुवारीतला घंटेचा खटलाही शेवटचा. मी झगा घातला, हातोडा घेतला आणि जाऊन बसले. नावाड्याच्या वकिलांनी नेहमीचं सगळं मांडलं. दोर तिच्या हातात होता, तो विचारून गेला होता, ती नाही म्हणाली होती. मग बायकोच्या बाजूने जनेल वोल्ड उभी राहिली. जनेल मुलींच्या हॉकी संघात गोल राखायची, आवाज खणखणीत, आणि क्वामीशी वाद घालायला एका पायावर तयार.

"त्याने किती वेळा विचारलं?" ती म्हणाली.

"एकदा," नावाड्याचा वकील म्हणाला.

"एकदा! एकदाचं कुणी धरतं का? माझी आजी कॉफीला दोनदा नको म्हणते, आणि तिला तर कॉफीशिवाय सकाळी डोळे उघडता येत नाहीत."

वर्गात हशा पिकला. क्वामीसुद्धा हसला. मग तक्त्याकडे बोट करून म्हणाला, "जनेल, पुरावा? तिला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, असं कागदावर कुठे आहे?"

"नाहीये सर."

"मग?"

"पण लिहिणारी आपल्याच इकडची असणार ना, सर? तिला वाटलं असेल, एवढं तर वाचणाऱ्याला कळेलच. सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कशाला लिहील? आणि तुम्ही म्हणता तो तिला मान देतो. मला नाही वाटत. तो एकदा विचारून मोकळा झाला. पुन्हा विचारलं आणि ती खरंच नाही म्हणाली तर काय, याची त्याला भीती वाटत होती. म्हणून पलीकडच्या काठावर कंदील घेऊन बसला, आणि वर दोष तिला."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. वर्गाच्याही आलं. नॉर्डाल एवढंसं गाव, मार्लिस कुठे आहे हे पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. जनेलचे कान लाल झाले. "म्हणजे मी नावाड्याबद्दल बोलतेय, सर," ती पुटपुटली.

"कळलं," क्वामी म्हणाला. त्याने खडू बोटांत फिरवला. मग माझ्याकडे वळला. "न्यायाधीश महाराज, निकाल?"

मी हातोडा आपटला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावाड्याला दोषी ठरवलं. कुणी हसलं नाही. क्वामीने फळा पुसला, आणि पुसून झालेला फळा पुन्हा एकदा पुसला.

शनिवारी सकाळी तो आमच्या दारात उभा. आत येईना. पायरीवरचं बर्फ बुटाने ढकलत म्हणाला, "लॉइस, तू नवे टायर घातलेस म्हणे."

"घातले."

"डलुथच्या रस्त्यावर निसरडं आहे म्हणतात. जुन्या टायरांवर माणसाने जाऊ नये."

"तुझे टायर जुने आहेत का?"

"तसे बरे आहेत. पण जुनेच."

आमच्याकडे कुणी 'माझ्याबरोबर चल' म्हणतं ते असं. मी कोट चढवला आणि गाडी काढली. वाटभर त्याने माझ्याशी हवेबद्दल, टायरांबद्दल आणि पुन्हा हवेबद्दल बोलून घेतलं. गळ्यात तोच मासा छापलेला टाय होता, पण शर्ट पूर्ण बाहीचा होता. दाढी करताना त्याने हनुवटीला कापून घेतलं होतं. मग डलुथचं सरोवर दिसायला लागलं. पार क्षितिजापर्यंत बर्फ होतं, आणि त्यापलीकडे एक काळी रेघ, तेवढंच उघडं पाणी.

आर्डिस दुसऱ्या मजल्यावर राहायची. जिना लाकडी, अरुंद. दार मार्लिसनेच उघडलं. तिने केस कापले होते आणि चेहरा जरा उतरला होता, पण चांगली दिसत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळच चांगली.

"अगं बाई, लॉइस! आणि ऑर्विल! एवढ्या थंडीत? या, या, बूट राहू द्यात."

आम्ही बूट काढले. आर्डिस गुडघ्याचं काही दुखणं नसल्यासारखी तरातरा स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "कॉफी?"

"नको गं, वाटेत झाली," मी म्हटलं. झाली नव्हती.

"हो, चालेल," ऑर्विल म्हणाला.

पहिल्याच झटक्यात. आर्डिस कॉफीचा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. मार्लिसने त्याच्याकडे नीट पाहिलं, जणू तो आजारी तर नाही ना असं.

कॉफी आली, कुकी आल्या. छपरावरचं बर्फ, रस्ते, जनेल वोल्डने अडवलेले गोल, सगळं बोलून झालं. मग ऑर्विलने कप खाली ठेवला.

"मार्लिस, घरी येतेस का?"

"छे रे, आर्डिसचा गुडघा अजून कुठे धड आहे."

आर्डिस भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मीही उठायला हवं होतं, पण माझा कोट मार्लिसच्या खुर्चीवर होता.

"मार्लिस, घरी चल."

"छे, तुझं छान चाललंय. आता कशाला उगाच..."

आत नळ बंद झाला. आर्डिस तिथेच उभी राहून ऐकत असणार. ऑर्विलने टाय सरळ केला. तो इतका मोठा माणूस, आणि त्या क्षणी खुर्चीच्या टोकावर बसलेला शाळेतला मुलगा वाटला मला. "माझं छान चाललेलं नाही," तो म्हणाला. "घरात मला एकट्याला करमत नाही. वरून काही ऐकू येत नाही. मार्लिस, घरी चल ना."

मार्लिसने खिडकीबाहेर पाहिलं. मी मनात म्हणत होते, म्हण, एवढा आग्रहच असेल तर म्हण. डोळे मिटून हस आणि म्हण.

"नाही, ऑर्विल," ती म्हणाली.

'छे' नाही, सबब नाही. साधं 'नाही'. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं.

"थँक्सगिव्हिंगला फोन केला होतास ना," ती म्हणाली, "तेव्हा बॅग भरून फोनपाशी ठेवली होती मी. अंगात कोट घालून बोलत होते. आर्डिसला विचार."

"तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

"मी दोनदा विचारलं."

"हो," मार्लिस म्हणाली. "दोनदा." मग जरा थांबून, "फोन ठेवल्यावर तशीच कोटात बसून राहिले. म्हटलं, परत लावेल. नंतर मग कोट काढला. आता इथे मुलं येतात शिकायला. म्हाताऱ्यांच्या आश्रमात मंगळवारी वाजवते. बॅगेत पियानोची पुस्तकं ठेवलीत, तिथे नेताना बरं पडतं. तुझ्यावर राग नाही रे माझा. खरंच नाही. पण आता मला इथेच बरं वाटतं."

 बोलण्याआधी ऑर्विलने दोनदा ओठ ओले केले. "कबूल," तो म्हणाला.

त्या दोघांच्याही एकेक कानशिलात द्यावी असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. एवढा शहाणा माणूस, जन्मभर गोष्टी उकलून दाखवणारा. आणि एवढी शहाणी बाई, कोट घालून फोनवर छे छे म्हणणारी. एक शब्द, बाई! एक वाक्य! पण हे मी त्यांना बोलणार नव्हते. मीही तिथलीच.

निघायला आमच्याकडे वेळ लागतो. दारात उभं राहून बोलायचं, जिन्यात बोलायचं, मग गाडीपाशी. मार्लिस स्वेटरवरच खाली आली. ऑर्विल गाडीत बसला, काच अर्धी खाली केली. तिने काचेवर हात ठेवला.

"सूप केलंय," ती म्हणाली. "जेवून जा ना दोघं."

"नको," ऑर्विल म्हणाला, "अंधार पडेल."

"गरम आहे रे. वाटीभर तरी."

"नको, लॉइसला उशीर होईल."

मला काही उशीर होत नव्हता. मी किल्लीवरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. काच तशीच अर्धी उघडी होती. ऑर्विल तिच्याकडे बघत होता, आणि काच खाली-वर करायच्या दांडीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. मार्लिसने स्वेटर गळ्याशी आवळला. तिचे ओठ हलल्यासारखे मला वाटले, पण पुरावा काही नाही माझ्याकडे. मग तिने गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, निघा म्हणायला मारतात तशी, आणि मागे सरकून फुटपाथवर उभी राहिली.

"बरं, मग निघतो," ऑर्विल म्हणाला आणि हळूहळू काच वर केली. मी गाडी सुरू केली.

गाव सुटलं, सरोवर मागे पडलं, दोन्ही बाजूंना नुसती पाइनची झाडं आणि बर्फ. मी रेडिओ लावला नाही. बराच रस्ता गेल्यावर तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "बटाट्याचं सूप होतं. वरून शेपू घालते ती. जिन्यातच वास आला होता मला."